भिंतीतलं रानटी झाड

उजेंतो,
शनिवार, १६ सप्टेंबर

प्रिय रोन्झो,

अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत, एल्विराची कंबर आणि रोपवाटिकेतला तुझा तो खडूस मुकादम, सगळं आपापल्या जागी ठीक असेल असं धरून चालते. इकडे आम्ही बरे आहोत. 'बरे' लिहून जरा थांबले, पण दुसरा शब्द सुचेना, म्हणून तोच ठेवला.

पत्र बघून हसशील. हातात फोन असताना ताई कागद कशाला काळे करतेय? अरे, फोनवर तू माझं नाव घ्यायच्या आधी त्या झाडाचं विचारतोस, आणि मी म्हणते, थांब, दारावर कुणीतरी आलंय. गेल्या रविवारी दारावर कुणी नव्हतं. त्याच्या आदल्या रविवारीही नव्हतं. कागद मध्येच प्रश्न विचारत नाही, एवढाच त्याचा फायदा.

आधी गावच्या बातम्या घे. अंजीर यंदा इतके आले की गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. पोम्पिल्या आत्या रोज येऊन ते उलटे-सुलटे करते आणि मला ऐकवते, "तुझी आई असती तर असे वाळवले नसते." आई असती तर तिलाही हेच ऐकवलं असतं. समोरच्या वावरातल्या बिआजोनं त्याची सगळी वाळकी ऑलिव्ह तोडून डाळिंबं लावली. आत्या म्हणते, "दात पडले म्हणून हिरड्यांना लाली लावतोय." तो ऐकतो आणि हसतो. बिचारा उन्हाळाभर दर रविवारी बाबांना हात धरून वावरात न्यायचा, त्याला कुणी काही बोललेलं मला खपत नाही.

शाळा सुरू झाली. पहिल्या वर्षाला माझा पहिला धडा ठरलेला: मुळातलं पाणी शेंड्यापर्यंत चढतं कसं. पांढरं फूल शाईच्या पाण्यात उभं करायचं आणि ते निळं होईपर्यंत पोरांना गप्प बसवायचं. यंदा एका मुलीनं विचारलं, "बाई, आमचे आजोबा म्हणतात की आपली झाडं कुणीतरी विष घालून मारली. खरंय?" मी तिला आपल्याच एका वाळक्या झाडाची फांदी आडवी कापून भिंगाखाली दाखवली. म्हटलं, बघ, या बारीक नळ्यांतून पाणी चढतं. यांत जिवाणू भरलेत. टाकी भरलेली आहे, नळ उघडा आहे आणि पाइपात गाळ. तिनं बघितलं, आणि म्हणाली, "मग नळ्या धुता येत नाहीत का?" नाही म्हटलं.

पुढचा धडा तुला माहीतच आहे, तू तो माझ्यापेक्षा चांगला शिकवशील. आपल्या वावरातली सगळी झाडं म्हणजे खरं तर एकच झाड. खापरपणजोबांनी एकाची काडी घेऊन दुसऱ्यावर कलम केलं, त्यांच्या पोरांनी त्याची काडी तिसऱ्यावर. तोच जीव, तेच रक्त, पिढ्यान् पिढ्या. म्हणून तेलाची चव तीच राहिली, आणि म्हणूनच रोगाच्या एका किल्लीनं सगळी कुलपं उघडली. बीचं झाड तसं नसतं. ते आईसारखं होत नाही, बापासारखं होत नाही. बाप तर वारा, कुठून पराग आणेल सांगता येत नाही. हजार बिया रुजतात, नऊशे नव्याण्णव फुकट जातात, आणि एखादी अशी निघते की...

बघ, आलेच ना तिथं. ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार!

रोन्झो, ते झाड आता नाही. म्हणजे आहे. खुंट आहे. नीट सांगते, पण तू मध्येच पत्र फेकून देऊ नकोस.

मागच्या वर्षी काकांच्या मयताला तू आलास, घरात पाय न टाकता भिंतीपलीकडूनच वावर बघितलंस, आणि सगळ्या करड्या खोडांत ते एकच हिरवं दिसल्यावर माझा हात धरून म्हणालास, "ताई, याला कुणाला हात लावू देऊ नकोस." मी लावू दिला नाही. पानं लेच्चेच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. फेब्रुवारीत निकाल आला: जिवाणू आत शिरलेत, पण नावाला. झाड त्यांना वाढू देत नाही. दोन हिवाळे जाऊ द्या, लाकूड तयार झालं की आम्ही काड्या घेऊन नवी रोपं करू, असं त्यांनी कळवलं. मी वेड्यासारखी धावत घरी आले आणि जेवताना बाबांना सांगून टाकलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"कोणतं? ते दगडांच्या भिंतीतलं भटकं?" बाबा म्हणाले.

"तेच. आजूबाजूचं सगळं वाळलं, पण ते धडधाकट आहे."

"म्हणजे मुळं चांगली आहेत त्याची."

"नुसती मुळं नाही बाबा. पान न् पान."

"हं. पण फळं बघितलीस का? शेळीच्या लेंड्यांएवढी. जंगली ते जंगली."

पण त्या रात्री ते पोटभर जेवले. मला वाटलं, चला, बाबांना आनंद झाला. झालाच होता. तिथंच तर सगळं चुकलं.

एप्रिलात मी दिवसभर लेच्चेला प्रशिक्षणाला गेले होते. परतले तर बाबा भिंतीपाशी ठेंगण्या स्टुलावर बसलेले, मांडीवर चाकू आणि चेहरा लग्नघरातल्यासारखा. झाडाचा शेंडा नव्हता. गुडघाभर खुंट उरला होता आणि त्याच्या सालीत दोन काड्या खोचून, वर मेण लावून बांधलेल्या.

"माणसाळवलं बघ त्याला," म्हणाले.

काड्या कुणाच्या ते तू ओळखलंस. 'नवरी'च्या. आईबाबांच्या लग्नाची पंगत ज्या झाडाखाली बसली, त्याची शेवटची हिरवी डहाळी शिडी लावून काढली होती त्यांनी. या वयात! मूळ दणकट, वर आपली नवरी. म्हणजे नवरी मरणार नाही. आपल्याकडे चांगलं रानटी झाड हाती लागलं की कुठलाही शहाणा माणूस हेच करत आलाय, त्याच्या बापानं हेच केलं, आजानं हेच केलं. रानटी झाड जपायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलंय?

मी एवढंच विचारलं, "बाबा, कापलेला शेंडा कुठंय?"

"जाळला. रोगाच्या दिवसांत काटक्या पडू देऊ नयेत, तूच सांगतेस ना, मास्तरीणबाई?"

राख अजून गरम होती. मी घरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडले.

पुढचं तुझं तूच ताडलं असशील. खुंट जिवंत, तेव्हा कलमाच्या खालून त्याचे स्वतःचे फुटवे येणारच. तेच आपलं झाड. त्यातला एक जरी वाढू दिला तर हिवाळ्यात तुला पेन्सिलीएवढी काडी मिळेल. पण कलम करणारा माणूस खालचे फुटवे ठेवत नाही, सगळा रस वर जायला हवा. बाबा रोज सकाळी काठी टेकत जायचे आणि एकेक फुटवा बोटांनी खुडायचे. मी एकदा चाचरत म्हटलं, "बाबा, एखादा राहू द्या ना." तर म्हणाले, "आणि कलमाला काय, वारा पाजू?" खुडलेले कोवळे कोंब मी ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेले, वाळूत लावले, काचेखाली ठेवले. सगळे काळे पडले. मग जूनमध्ये भिंतीकडच्या बाजूचा एक फुटवा मी दगडाआड लपवला. चांगला वीतभर झाला. आणि एका रविवारी बाबांनी चाचपत तिथं बोट घातलं, कटकन् मोडला आणि बिआजोला हसत दाखवला. "हा बघ चोर! घरात वनस्पतिशास्त्राची बाई आणि तिला एवढा फुटवा दिसत नाही!" बिआजोही हसला. मीही हसले, काय करणार?

तू म्हणशील, सांग ना त्यांना सरळ. नऊ वर्षांपूर्वी रोग आला तेव्हा तुला तरी सांगून काय मिळालं होतं? "ही दहा आज तोडा, म्हणजे बाकीची वाचतील," एवढंच म्हणाला होतास तू, आणि त्यांनी ताट सरकवून सांगितलं की झाडं तोडणारा हात या घरात जेवणार नाही. आता खरं सांगायचं म्हणजे काय काय सांगावं लागेल बघ. की नवरी गेलीच आहे. की तिच्या काडीतच रोग आहे. की तू तेव्हा बरोबर होतास. की शंभर मैलांत एखादं वाचलेलं झाड तुम्ही स्वतःच्या हातानं कापलंत. हे मी कुणाला सांगू? ज्यांना पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागतं त्यांना?

हो, चमच्यानं. तेही तुला सांगितलेलं नाही. पोटात गाठ आहे. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "ऑलिव्हच्या काढणीपर्यंत..." आणि जीभ चावली, कारण इथं काढणी आता कुणाकडेच होत नाही. ऑपरेशन करण्यासारखं नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत मीही पांढरा कोट घालून उभी राहते, पण मला काही येत नाही, ना झाडाचं ना माणसाचं.

बाबांनी खाट खिडकीशी ओढून घेतलीय. तिथून भिंत दिसते, आणि लांबचं त्यांना अजून माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. आता फुटवे मी खुडते. त्यांनी शब्द घेतला, मी दिला. खुडून आणायचे आणि त्यांच्या तळहातावर ठेवायचे. ते एक पान दातांत धरतात, कडू लागलं की मान हलवतात आणि मग डोळे मिटतात. तेवढा वेळ त्यांना दुखत नाही, असं मला वाटतं. रोन्झो, मला कळतंय मी काय खुडतेय. त्यांना कळत नव्हतं, मला कळतंय, आणि तरी मी रोज खुडते. फुटवे दर वेळी बारीक येतायत. परवाचा काडेपेटीतल्या काडीएवढा होता. वर कलमाच्या पानांच्या कडा ऑगस्टपासून करपल्यात. ती पानं मी लपवून चुरगळते आणि त्यांना सांगते, कसं तरारलंय बघा.

आणि आता ते, ज्यासाठी हे पत्र मी तीनदा फाडलं.

मागच्या आठवड्यात मी चिडून म्हणाले, "बाबा, आज नाही खुडलं तर काय बिघडेल?" ते शांतपणे म्हणाले, "मी गेल्यावर काय हवं ते कर." सगळी म्हातारी माणसं म्हणतात तसंच म्हणाले. पण मी चुलीपाशी गेले आणि माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. बाबा अमुक दिवसांत गेले, तर तेव्हापासून फुटवा वाढेल. थंडीच्या आत गेले तर मुळात अजून जोर असेल. थंडीनंतर गेले तर... मी बापाच्या मरणाचा मुहूर्त काढत होते रे, एका झाडासाठी! आणि हातात त्यांच्याच सुपाचं भांडं. त्यानंतर मी त्यांच्याकडे नीट बघू शकत नाही. ते जास्त जगले तर झाड मरतं, झाड जगायचं तर... मला हे वाक्य पुरं करता येत नाही. दोन्ही मला हवेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत आहे, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

तर हे पत्र मी माझ्या मनानं लिहायला बसलेले नाही. काल बाबांनी मला जवळ बोलावलं. तुझं नाव त्यांच्या तोंडून मी नऊ वर्षांनी ऐकलं. म्हणाले, "ओरोन्झोला लिही. लिही की माझं कलम धरलंय. त्याला म्हणावं, ये आणि बघ." मग म्हणाले, "आणि दोना, लिही की ताट मांडलेलं आहे."

त्यांचे शब्द आहेत तसे लिहिले. ये. लगेच ये. त्यांना वाटतंय की ते जिंकलेत, म्हणूनच ते तुला हाक मारू शकले. नाहीतर ते तसेच गेले असते.

पण येताना एक गोष्ट मनाशी धरून ये. पहिल्याच सकाळी ते तुला भिंतीकडे पाठवतील. खिडकीतून बघत राहतील. तुझा हात माझ्यापेक्षा बरा म्हणून यापुढे ते तुलाच खुडायला सांगतील. खालून एक कोंब आलेला असेल, बारीकसा. तुला पाहिजे होता तोच. मी इथं दारात उभी असेन.

तेव्हा माझ्याकडे वळून बघू नकोस, रोन्झो. तो खुडायचा की ठेवायचा, मला माहीत नाही.

जिला कधीच नाही म्हणता आलं नाही ती,
तुझी दोनाताई