दोन नळ्यांचा डिंक

पूर्णा,
दि. १९ जानेवारी १९७५

आदरणीय बन्सीधर दाजी,
पंडितचा सविनय जय भीम.

तुमची तब्येत बरी असेल, बंगलोरची हवा मानवत असेल आणि कुसुमताईचा गुडघा आता कुरकुरत नसेल, अशी आशा करतो. इकडे आई (हिचे दोन्ही गुडघे कुरकुरतात, तोंड त्याहून जास्त), सत्यशीला आणि मी ठीक आहोत. तुमचे वडील तात्याही ठीक आहेत, एवढं लिहून मला पत्र इथेच संपवता आलं असतं, आणि संपवावं असं फार वाटतंही आहे. पण मागच्या पत्रात मी ‘विमान झकास झालं, तात्या खूश’ असं लिहून बसलो आहे. (त्या वेळी विमान व्हायचं होतं आणि तात्या खूश व्हायचे होते. टपाल निघायची वेळ झाली होती म्हणून जरा आधी लिहिलं.) तेव्हा आता सविस्तर लिहिणं भाग आहे. पत्र एकट्याने वाचा. ताईला मोठ्याने वाचून दाखवू नका.

तुम्ही विमानाच्या कारखान्यात लागल्यापासून तात्यांना एकच कोडं पडलेलं, की पोरगं तिथे दिवसभर नेमकं करतं काय. सगळी नोकरी रेल्वेच्या गँगमध्ये रुळावर काढलेल्या माणसाला जमिनीला न टेकता चालणारी वस्तू मनातून पटत नाही. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. आकाशातलं विमान त्यांना फक्त ऐकू येतं. म्हणून तुम्ही मला लिहिलंत, की रजा मिळत नाही, तेव्हा पंडित, तू एक लहानसं विमान करून त्यांच्या हातात दे, चाचपून तरी त्यांना कळेल. नकाशा पाठवलात, हलक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या पाठवल्यात आणि डिंकाच्या त्या दोन नळ्या पाठवल्यात. ते पत्र वाचताना माझे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही. एवढ्या मायेचं काम तुम्ही माझ्यावर सोपवलंत याचा मला अभिमान वाटला. आता वाटतं, पूर्णेत इतकी माणसं राहतात, त्यांच्यापैकी दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.

डिंकाच्या बाबतीत मी आंधळेपणाने वागलो नाही, एवढं मात्र माझ्या बाजूने धरा. तुम्ही बजावलं होतं, की हलक्या लाकडाला हलकाच डिंक लाव, आणि नळ्यांतला घट्ट डिंक जिथे जोर येतो तिथेच, म्हणजे पंखांच्या मुळाशी आणि चाकांपाशी; तोही बेताने, कारण तो जड असतो. म्हणून मी आधी हलक्या डिंकाच्या शोधात निघालो. मैद्याची खळ करून पाहिली, तिला मुंग्या लागल्या. बाभळीचा डिंक आणला, तो आईने थंडीचे दिवस म्हणून लाडवांत घातला. (लाडू उत्तम झाले होते. दोन तुमच्या वाटचे ठेवले होते, ते मीच खाल्ले.) सुताराकडचा सरस घरात शिजवला, तर त्या वासाने सत्यशीला पिशवी भरून माहेरी वालूरला निघाली, देवगाव फाट्याची बस चुकली म्हणून संसार वाचला. सायकलवाल्याचं सोल्यूशन रबराला धरतं, लाकडाला ओळखही दाखवत नाही. आणि आमच्या मालधक्क्याच्या ऑफिसातला डिंक पाकिटालासुद्धा धरत नाही, हे माझी पत्रं तुमच्याकडे ज्या अवस्थेत पोचतात त्यावरून तुम्हाला ठाऊक आहेच. शेवटी ठरवलं, की सगळंच नळ्यांनी चिकटवायचं. जड झालं तर झालं, तात्या काही ते उडवणार नव्हते.

नळ्यांबरोबर बारीक अक्षरांचा एक इंग्रजी कागद होता. तो मी ओसरीत बसून सगळ्यांना अर्थासह वाचून दाखवला. या डिंकाला एपॉक्सी म्हणतात. पहिल्या नळीत चिकट राळ असते, दुसऱ्या नळीत तिला घट्ट करणारा पदार्थ. दोन्ही सारखे घ्यावे, चांगले एकजीव करावे, जोड आधी खरवडून पुसून घ्यावा आणि डिंक लावल्यावर रात्रभर हलवू नये. कागद अगदी स्पष्ट होता. घोळ आईने घातला. ती म्हणाली, ‘घट्ट करणारं म्हंजी इरजणच की. गंजभर दुधाला गंजभर इरजण घालतेत व्हय कुठं? बोटभर लय झालं.’ आता दाजी, यावर तुम्ही तरी काय बोलला असता? मी मॅट्रिक आहे, कारकून आहे, पण विरजणाच्या बाबतीत आईपुढे तोंड उघडायची माझी टाप नाही. शिवाय मलाही आतून वाटलं, की नळ्या लवकर संपाव्यात म्हणून विकणारा ‘सारखे घ्या’ असं छापत असणार. शिवाय दुसऱ्या नळीला सडक्या मासळीचा वास येत होता. इतक्या बाजूंनी पटल्यावर मी पहिली नळी ताटलीत सढळ हाताने पिळली आणि दुसरीतून काडीच्या टोकावर मावेल एवढं घातलं. (फार आंबट नको म्हणून आईने त्यातलंही थोडं काढून टाकलं.)

सकाळी पाहिलं तर विमान लागलं नव्हतं. सत्यशीलेच्या केसांतल्या आकड्यांनी जे जोड दाबून धरले होते ते आकडे काढताच घसरत होते. आई म्हणाली, थंडीचं दही उशिरा लागतं, त्याला ऊब दे. मग विमान गोधडीत गुंडाळून चुलीजवळ ठेवलं. गोधडीतून काढलं तेव्हा त्याच्या अंगभर कापूस होता, लांब केस होते आणि एका पंखावर कोंबडीचं पीस बसलं होतं. (जागा अगदी बरोबर होती, ते तसंच राहू द्यावं असं माझं मत पडलं, पण कुणी ऐकलं नाही.) तेव्हा सत्यशीलेने युक्ती काढली. भाकरी परातीला चिकटू नये म्हणून पीठ भुरभुरतात, तसं तिने विमानावर जवारीचं पीठ भुरभुरलं. दाजी, विमान कोरडं झालं! हाताला काही लागेना. वर मी ट्रंकेचा उरलेला रुपेरी रंग दिला, आणि ते इतकं देखणं दिसू लागलं, की आत सगळं पातळच आहे हे मी स्वतःच विसरलो.

इथवरचं सगळं निभावलं असतं. खरी चूक झाली ती माझ्या जिभेची. मी गावभर सांगत सुटलो, की हा साधासुधा डिंक नव्हे, खरी विमानं जोडतात तो आहे. तुम्ही तसं कुठेच लिहिलं नव्हतं, बाजारातून घेतला एवढंच लिहिलं होतं. पण स्टेशनवर चार माणसांत चहा घेताना बोलणं जरा फुगतं. तात्यांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी खात्री करून घ्यायला पुन्हा विचारलं, तर मी पुन्हा सांगितलं, आणि आवाज जरा चढवून सांगितलं.

रविवारी विहारातली वंदना आटोपून मंडळी तात्यांच्या घरी आली. त्यांचे गँगमधले जुने सोबती सटवाजीकाकाही आले होते. तात्या धुतलेला फेटा मागे सारून बाजेवर बसले आणि मी विमान त्यांच्या ओंजळीत ठेवलं. ते बराच वेळ चाचपत राहिले. शेपूट, चाकं, नाक, सगळीकडून बोटं फिरवली. ‘बन्सी हितं बसतो व्हय?’ त्यांनी विचारलं. मी सांगितलं, की तिथे चालवणारा बसतो, दाजी खाली उभे राहून ते जोडतात. ‘जोडतो,’ ते स्वतःशीच म्हणाले. त्यांचा चेहरा त्या वेळी असा उजळला, की तुम्ही तिथे हवे होतात. मला तुमची फार आठवण आली. मग, दाजी, मानाची वस्तू हाती आली की आपल्याकडचा माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. दोन्ही हातांनी विमान उचललं आणि कपाळाला लावलं. डोळे मिटून, चांगलं दाबून लावलं. पंखाच्या मुळाशी डिंक सगळ्यांत जास्त होता. तिथला पिठाचा पापुद्रा फुटला असणार. हात खाली आले तेव्हा विमान हातात होतं आणि डावा पंख कपाळावर होता. सटवाजीकाकांना तो मानाचाच काही प्रकार वाटला, ते हात जोडून उठून उभे राहिले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. तात्यांनी पंख ओढून काढला (भुवईचे थोडे केस त्याच्याबरोबर गेले), तो बोटांनी चाचपला आणि अगदी हळू विचारलं, ‘पंडित, ह्योच डिंक खऱ्या इमानाला लावतेत म्हणलास ना?’ इतक्या माणसांसमोर मी काय बोलणार? मी म्हणालो, हो तात्या, हाच.

तेव्हापासून त्यांना नीट झोप नाही. जेवायला आमच्याकडेच येतात, पण अर्धी भाकरी मोडून उठतात. वर विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून अंगणात येतात. दिसत काही नाही, तरी आवाज विरेपर्यंत मान वर करून उभे असतात, मग ‘गेलं बाबा नीट’ म्हणून आत जातात. आकाशातलं प्रत्येक विमान तुम्हीच जोडलेलं आणि प्रत्येकात तुम्हीच बसलेले, अशी त्यांची समजूत झाली आहे. मी परोपरीने सांगितलं, की दाजी विमानात बसत नाहीत, ते खाली उभे असतात. त्यावर म्हणाले, ‘खालीच उभा ऱ्हातो ना? मंग पंख कुणावर पडंल?’

त्यांची तसल्ली व्हावी म्हणून मी ठरवलं, की आता कागदाबरहुकूम डिंक करून दाखवायचा. पहिल्या नळीत उरलं होतं ते सगळं आणि तेवढंच दुसरीतलं आईच्या पितळी वाटीत घेतलं, तिच्याच पळीने घोटून एकजीव केलं आणि लवकर व्हावं म्हणून वाटी चुलीच्या कडेला ठेवली. (एका वेळी थोडंच कालवावं आणि ऊब दिल्यास ते झपाट्याने घट्ट होतं, हे कागदाच्या मागच्या बाजूला होतं. मागची बाजू मी नंतर वाचली.) विमान आणायला वळलो तेवढ्यात वाटीतून धूर निघाला, वाटी हातात धरवेना, आणि पळी वाटीत उभीच्या उभी पक्की झाली. उपडी केली, आपटली, आईने माझा उद्धार केला, पण पळी हलली नाही. इतका आनंद मला मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. तशीच वाटी फडक्यात धरून मी तात्यांकडे पळालो. त्यांनी पळी ओढली, वाटी पायाखाली दाबून ओढली. ‘पक्की हाय,’ म्हणाले. मग विचारलं, ‘मंग इमानाचा पंख कामून निघाला?’ आता मात्र मला खोटं बोलवेना. दुसऱ्या नळीतलं कमी घातलं, कागदात असूनही ऐकलं नाही, वरून पीठ लावून झाकलं, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, मला चार शिव्या देतील आणि काळजीतून सुटतील. ते रागावले नाहीत. बराच वेळ वाटीवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, ‘म्हंजी डिंकाचं काही न्हाई. मंग बन्सीच्या तिकडंबी एखादा तुझ्यासारखा असंलच की.’

दाजी, तुम्ही आपलं काम बापाच्या हातात ठेवायला निघाला होता, आणि मी त्यांच्या हातात घोर ठेवला. फार वाईट वाटतं. आईलाही वाटतं, ती बोलून दाखवत नाही, पण परवा दही लावताना तिने मला विचारलं, की विरजण पुरेसं आहे का. असा प्रश्न तिने जन्मात कुणाला विचारला नव्हता.

ताईला माझा जय भीम सांगा आणि इकडे सगळं ठीक आहे, एवढंच सांगा.

तुमचा, कितीही निकामी ठरला तरी बदलून न मिळणारा मेहुणा,
पंडित

ता. क. नवीन नळ्या पाठवू नका. तात्यांच्या नावे समजुतीचं पत्रही पाठवू नका. ते मलाच वाचून दाखवावं लागेल, आणि माझ्या वाचण्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही. पाया पडतो, कशीही करून रजा काढा आणि या. त्यांच्यासमोर बसा आणि हात, पाय, डोकं चाचपू द्या. वरचं सगळं एवढ्यासाठीच लिहिलं आहे.

ता. क. दुसरं. खऱ्या विमानात असला डिंक कुठे वापरतात का हो? वापरत असतील तर मला कळवू नका. ताईला तर बिलकूल नको.

ता. क. तिसरं. पाकीट बंद करत होतो तेवढ्यात तात्या जेवायला आले. बन्सीला काय लिहिलंस, म्हणून विचारलं. या म्हणून लिहिलं आहे, असं सांगितलं, तर ती ओळ त्यांनी मला पुन्हा पुन्हा वाचायला लावली. आज भाकरी पुरी खाल्ली. हात धुऊन जाताना दारातून म्हणाले, ‘लौकर ये म्हणावं. पण इमानानं नको म्हणावं, रेल्वेनं ये.’