करंगळीपुरतं लाकूड

९ जानेवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तुझा मातीचा गोळा पोचला. टपालवाल्याने डबा हलवून आत काय आहे असं विचारलं, तर तुझ्या वहिनीने आमच्या नणंदेचा हात आहे असं सांगून त्याला घाबरवलं. निवृत्त झाल्यापासून मी मागच्या गॅलरीत सुऱ्या करत बसतो, तेव्हापासून तिच्या जिभेलाही धार आली आहे.

तुझं पातं तयार आहे. जुन्या करवतीचं पोलाद आहे, पाणी छान बसलं. मुठीसाठी आईच्या शिवणयंत्राची फळी कापली. एका मुठीपुरतंच चांगलं लाकूड निघालं, त्यामुळे चुकून चालणार नाही. म्हणून तर सगळ्यांकडून मागतो तसा तुझ्याकडूनही गोळा मागितला. सुरी धरल्यासारखा आवळायचा आणि तसाच वाळवायचा, म्हणजे बोटं रुततात तिथे मला लाकूड घासता येतं.

पण ठमे, तुझ्या गोळ्यात अंगठा आणि पहिली दोन बोटंच उमटली आहेत. शेवटच्या दोन बोटांच्या जागी माती गुळगुळीत आहे. घाईत आवळलास का? खरं काय ते कळव. तोवर लाकडाला हात लावत नाही.

वाट पाहणारा,
दादा

१७ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तू सुऱ्या करतोस की हात पाहून भविष्य सांगतोस? अरे, इथे इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये दोन वेळचं जेवण माझ्या एकटीच्या डोक्यावर असतं. कुकरची शिट्टी मोजत मोजत आवळला तुझा गोळा. सोबत दुसरा पाठवते आहे. मन भरेपर्यंत बघ.

मॅनेजरने एक नवा आचारी आणला आहे. दिवसभर माझ्या शेगडीपाशी घुटमळतो आणि मीठ किती घातलं ते डोळे फाडून बघतो. मुख्य आचाऱ्याची जागा कुणाला द्यायची ते पुढच्या महिनाअखेर ठरणार आहे म्हणे. हे गेले तेव्हापासून ही शेगडी मी सांभाळली, ती कुणाच्या हातात देणार नाही. सुरी लवकर पाठव, म्हणजे त्याला जरा जरब बसेल.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, संशय तेवढा कमी कर.
ठमी

२८ जानेवारी

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

दुसरा गोळा पाहिला. पाचही बोटं ठसठशीत उमटली आहेत, पण हा हात तुझा नाही. लहानपणी तुझं पहिलं बोट दारात चेमटलं होतं. ते तेव्हापासून वाकडं आहे आणि पहिल्या गोळ्यात तसंच उमटलंय. या गोळ्यातलं बोट सरळ आहे. मला फसवायला निघालीस आणि तेही मातीने!

ठमे, ऐक. आमच्या कारखान्यात एकाची बोटं अशीच बधिर झाली होती. त्याने अंगावर काढलं आणि पुढे त्याला शर्टाचं बटण लावता येईना. तू उकळत्या पातेल्यांशी खेळतेस. कृपा करून डॉक्टरांना दाखव. नाहीतर मी येतो आणि हाताला धरून नेतो.

रागावलेला, पण तुझाच,
दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

हो, बधिर झाली आहेत. कुठे लागलं नाही, भाजलं नाही, आपोआप झाली. आधी मुंग्या यायच्या, आता करंगळी माझी आहे असंच वाटत नाही. झाकणं हातातून पडतात, मी त्यांना तेलकट म्हणून शिव्या देते. झालं समाधान?

डॉक्टर या इस्पितळाचेच. त्यांच्यापुढे हात केला की दुपारपर्यंत मॅनेजरला कळणार. शेगडी गेली तर मी दिवसभर करू काय, आणि मी कोण म्हणून राहू? जागेचं नक्की होईपर्यंत गप्प बस. इकडे यायचं नाही आणि माझ्या छकुलीला एक अक्षर कळवायचं नाही. कळवलंस तर तुझं माझं बोलणं बंद.

ठमी

२२ फेब्रुवारी

ती. मामास, सा. न. वि. वि.

आई लिहू शकत नाही म्हणून मी लिहिते आहे. गेल्या आठवड्यात उकळत्या पाण्याचं पातेलं तिच्या हातून निसटलं. नवा आचारी पटकन मागे सरला म्हणून वाचला, आईच्या पायावर थोडे थेंब उडाले. त्याला काही झालं असतं तर, एवढंच म्हणत ती रडत होती. मग डोळे पुसून स्वतःच मॅनेजरकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं. शेगडी आता त्या आचाऱ्याकडे आहे.

कोपरापाशी शीर दबली होती. काल ऑपरेशन झालं. उशीर झाला असं डॉक्टर म्हणाले. बोटं परत येतील की नाही ते आत्ताच सांगता येत नाही, काही महिने वाट पाहायची.

मामा, तो दुसरा गोळा माझा होता. गंमत आहे म्हणून तिने माझ्याकडून आवळून घेतला, मला काहीच माहीत नव्हतं. ती तुझी आठवण काढते, पण लिही असं म्हणत नाही. तूच लिही.

तुझी,
छकुली

१५ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद.

तू गप्प बसायला सांगितलंस, पण सुरी पाठवायला बंदी घातली नाहीस. तुझी सुरी पाठवतो आहे.

दिसायला बेढब आहे, हसू नकोस. अंगठा आणि दोन बोटांपाशी नीट घासली आहे, पण शेवटच्या दोन बोटांपाशी लाकूड जाडच ठेवलं आहे. लाकूड कमी करता येतं, परत चिकटवता येत नाही. शेवटचा पितळी खिळा नेमका करंगळीखाली येतो. बोटांत जीव आला की मी कानस घेऊन येईन आणि तुझ्यासमोर बसून उरलेलं घासून देईन. नाही आला तर ही जाड मूठ तीन बोटांनाही धरता येईल. हे वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले.

तुला वेळेवर ओढत न्यायला हवं होतं. तुझ्या धाकाला भ्यालो.

तुझा,
दादा

३० जून

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, चालवून घे. सध्या भाजीच्या टेबलापाशी बसते. नवा आचारी मीठ घालण्याआधी माझ्याकडे बघतो, मी मान हलवते, मग घालतो. तुझी सुरी पाहून तो म्हणाला की हिला गालफुगी झाली आहे. मी त्याला ती हातात धरू दिली नाही.

आज सकाळी कोबी चिरताना करंगळीला काहीतरी गार लागलं. वाटलं पाणी सांडलं, पण फळी कोरडी होती. सुरी खाली ठेवली, पुन्हा धरली, पुन्हा गार. तुझा पितळी खिळा होता, दादा. मी तिथेच कोबीच्या ढिगात रडत बसले आणि सगळ्यांना कांद्याचं नाव सांगितलं. टेबलावर कांदा नव्हता.

वहिनीला घेऊन ये. कानस विसरू नकोस.

तुझी,
ठमी