लाल खूण पुसली जाणार नाही

तीर्थरूप दादा यांस,

धाकटीचा नमस्कार. वाकून करायला हवा, पण उजवा गुडघा ऐकत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घे. (तुझ्या दुकानात उभं राहण्याचं कुणाला नवल नाही.) तुझी साखर कशी आहे, वहिनींची मान वळते का, गच्चीतल्या कुंड्यांना कुणी पाणी घालतं का, ते कळव. इकडे सगळे बरे. ह्यांचा खोकला जागच्या जागी आहे. मुलगा कामावरून येतो, जेवतो, मोबाइल बघतो आणि झोपतो, म्हणजे तोही बरा.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून हा कागद. चौथी शिकलेल्या बाईला पत्र लिहायला लावणं हा एक अत्याचारच आहे, पण फोन बंद करून तू सुटलास असं समजू नकोस. तुझ्या मागणीच्या उशांच्या खोळींचा गठ्ठा पाठवतेय, त्यात सातव्या आणि आठव्या खोळीच्या मध्ये हे पत्र आहे. गठ्ठा तू दुसऱ्या कुणाला उघडू देत नाहीस हे मला ठाऊक आहे. (संशयी स्वभावाचाही कधीतरी उपयोग होतो.)

आधी मुद्द्याचं सांगते, मग मागचं पुढचं. लाल खूण पुसली जाणार नाही. वहिनींकरवी निरोप धाडलास, मामेभावाकरवी धाडलास, काल तर तुझा टेम्पोवाला दारात उभा राहून म्हणाला, "ताई, मालक म्हणाले खूण काढा नाहीतर खोळी बंद." उद्या कावळ्याकरवी निरोप आला तरी उत्तर हेच. खोळी बंद केल्यास तर कर. उघड्या उशा विकून दाखव, मी बघायला येईन.

आता तुला वाटतंय की सुनेने माझ्या डोक्यात भरवलं. तसं नाही, उलट झालंय. सुनेने नोकरी सोडली तेव्हा पोरगी वाया गेली असं तूच म्हणाला होतास. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी आमच्या पुढच्या खोलीत बसून एक ॲप बांधतात. बांधता म्हणजे काय, विटा कुठायत, असं मीही विचारलं होतं. तर ते असं. वस्तू घेण्याआधी ती बनवणाऱ्या-विकणाऱ्या माणसांना मालक कसा वागवतो ते बघायचं आणि मग पिशवी पुढे करायची. सून ह्याला नेकीची खरेदी म्हणते. मोबाइल दुकानाच्या पाटीसमोर धरला की खूण दिसते, हिरवी, पिवळी नाहीतर लाल. माहिती कुणी एक शहाणा भरत नाही, सगळ्यांनी मिळून भरायची. एकीने लिहायचं, दुसरीने तपासायचं, तिसरीने चूक काढायची. (आपल्या घरात लग्नं जमवताना हेच चालतं, फक्त मोबाइल लागत नाही.)

मी ह्यात कशी पडले ते ऐक. त्या चौघींनी माझ्या भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. इकडे गुलाबी, मध्येच पिवळी, तिच्यावर निळी तिरकी. तीस वर्षं दोऱ्याची रिळं रंगावार लावणारी बाई मी, मला ते बघवेना. त्या बाहेर गेल्या होत्या, मी केर काढायला गेले आणि सगळ्या चिठ्ठ्या काढून रंगावार लावल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. भिंत अशी दिसायला लागली की मीच दोनदा येऊन बघून गेले. त्या परत आल्या आणि एक जण जमिनीवरच बसली. डावीकडची चिठ्ठी म्हणजे करायचं काम, मधली म्हणजे चाललेलं, उजवीकडची म्हणजे झालेलं, रंगाचा त्यात काही संबंधच नव्हता म्हणे. सून हळूच म्हणाली, "आई, तीन आठवडे गेले." मी म्हटलं, रडताय काय, एकेक वाचा, परत लावू. त्या वाचत गेल्या आणि मी प्रत्येक चिठ्ठीला विचारत गेले, हे कशाला, हे कुणाला लागतं, हे तुझ्या आईला कळेल का. दिवे लागेपर्यंत निम्म्या चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या होत्या आणि मी त्यांच्या मंडळात आले होते.

त्यांनी दुकानाबद्दल सेहेचाळीस प्रश्न काढले होते. हातात पिशवी, पायाला चटके, अशी बाई रस्त्यात उभी राहून सेहेचाळीस उत्तरं देईल का? मी तीन ठेवले. बसायला मिळतं का, पाणी-संडासाला मुभा आहे का, ठरल्या वेळी घरी जाता येतं का. ज्या मालकाकडे ही तीन धड आहेत त्याचं बाकीचं आपोआप धड असतं. दुसरं, लिहिणाऱ्याचं नाव कधीच दिसू द्यायचं नाही. मालकाला नाव कळलं की दुसऱ्या दिवशी ती घरी बसते. आणि तिसरा नियम माझा सगळ्यात भारी. लाल खूण एकदा लागली की लिहिणारीलाही पुसता येत नाही. मालकाने चूक सुधारायची आणि तीन साक्षी आणायच्या, एक तिथे काम करणारी, एक गिऱ्हाईक, आणि एक असं माणूस ज्याचं मालकाशी वाकडं आहे. मैत्रिणी काय, खोटं गोड बोलतील. पण ज्याने आपलं तोंड बघायचं टाकलंय तो जर म्हणाला की हो, आता ठीक आहे, तर ते खरं. चौघी आधी हसल्या, मग ते ॲपमध्ये घातलं. मी कायदा केला दादा, चौथी पास. आपले मास्तर असते तर त्यांनी छडी खाली ठेवली असती.

आता तुझ्या दुकानाचं. मागच्या महिन्यात खोळी द्यायला आले तेव्हा तू बाहेर गेला होतास. आत एकशेवीस खुर्च्या. झुलत्या, फिरत्या, गादीच्या, वेताच्या. आणि ती उंच मुलगी, जी गिऱ्हाइकाला "बसून तर बघा" असं दिवसातून शंभरदा सांगते, ती मागच्या जिन्याच्या पायरीवर बसली होती, चप्पल काढून. पाय असे सुजलेले की चपलेचा पट्टा कातडीवर उमटलेला. बाहेर स्कूटर वाजली आणि ती ताडकन उठली. ती तुझी स्कूटर नव्हतीच, दूधवाल्याची होती. मी विचारलं, एवढ्या खुर्च्या आहेत, टेक की. म्हणाली, "मालक म्हणतात, बसलेली पोरगी दिसली की गिऱ्हाइकाला वाटतं दुकान चालत नाही." अरे, खुर्च्यांच्या दुकानात कुणीच बसलेलं दिसलं नाही तर गिऱ्हाइकाला वाटेल खुर्च्या बसण्याच्या लायकीच्या नाहीत. हा धंद्याचा विचार तुला चाळीस वर्षांत सुचला नाही ह्याचं मला वाईट वाटतं.

घरी आले आणि लिहिलं. लिहिलं ते असं, "एकशेवीस खुर्च्या, पण विकणारीला एकही नाही. स्वयंपाकिणीला उपाशी ठेवून जेवणाचं कौतुक सांगायचा प्रकार आहे. मालक स्वतः मात्र गल्ल्यामागे फतकल मारून बसतो." शेवटी मेल्याला लाज नाही असंही होतं, तेवढं सुनेने काढायला लावलं. दोन गिऱ्हाइकांनी तपासून खरं आहे म्हटलं आणि खूण लाल झाली. नाव लपवलेलं होतं, पण "फतकल" वाचून अख्ख्या खानदानाने मला ओळखलं. ह्यात ॲपचा दोष नाही.

वहिनींचा फोन आला, "वन्सं, तीन गिऱ्हाइकं पाटीसमोर मोबाइल धरून उलटी फिरली, सख्ख्या भावाच्या पोटावर पाय देता?" मी म्हटलं, वहिनी, पोटावर नाही, पायावर बोट ठेवलंय, तेही त्या पोरीच्या. लहानपणी तू मला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत न्यायचास आणि म्हणायचास, नीट टेकून बस, अवघडू नकोस. मला काळजीने बसवणारा माणूस तू. त्या पोरी कुणाच्या तरी धाकट्याच आहेत. नातं बघून खूण लावायची असती तर मग ॲप कशाला, आपली भाऊबंदकी पुरेशी होती. तेव्हा रागाव, बोलू नकोस, खोळी दुसऱ्याकडून शिवून घे (शिवणी उसवल्या की माझी आठवण काढ). पण खूण राहील ती चार स्टुलं येईपर्यंत. दुकानातली चार स्टुलं पुढे सरकवायला माणसाला किती मोठं व्हावं लागतं ते मला माहीत नाही, मी धाकटी आहे.

वहिनींना सांग, मान शेकताना पाणी फार कढत घेऊ नका. तुला जास्त गोड खाऊ नकोस असं सांगणार होते, पण तुझ्या तोंडात सध्या गोड काही नाहीच.

तुझी,
वाकडी पण खरी,
धाकटी

ता. क. एक सांगायचं राहिलं. मुलींच्या वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या. बासष्ट खिडक्यांचे पडदे शिवायचे आहेत, पण त्या ॲपवर खूण बघूनच काम देतात. मी म्हटलं बघा की, आणि मोठ्या तोऱ्यात त्यांचा मोबाइल माझ्या शिवणाच्या खोलीच्या पाटीसमोर स्वतः धरला. लाल. खाली लिहिलेलं, "संडासाची चावी मालकीणबाईंच्या कमरेला असते. मागावी लागते. त्या आधी घड्याळ बघतात."

पुन्हा ता. क. चावी मी का ठेवते ते तुला माहीत आहे. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू येऊन घाण करून जातात. हे कारण मी वसतिगृहाच्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक मालकाकडे कारण असतं. (तुझंच आठवलं.) माझ्याकडे शिवायला येणाऱ्या चौघी बायकांपैकी कुणी लिहिलं ते सुनेला विचारलं, तर म्हणे, "आई, नाव दिसू द्यायचं नाही हा नियम तुमचाच." चौघीही माझ्यासमोर अशा मान खाली घालून शिवतात की चौघींनीही लिहिलं असावं.

तिसरं ता. क. चावी आता दाराशेजारच्या खिळ्याला आहे. पहिल्या साक्षीला शिवणाऱ्या चौघींतली थोरली तयार आहे, दुसरीला माझ्याकडून पडदे शिवून घेणारी समोरची. तिसरी साक्ष वाकड्यातल्या माणसाची हवी. मी सगळीकडे शोधलं. माझ्याशी भांडायला लोक भितात असं दिसतंय. भाडेकरूंना विचारलं तर ते म्हणाले, आमचं काही वाकडं नाही, चावीबद्दल उलट आभार. तेव्हा अख्ख्या ओळखीत माझ्याशी अबोला धरलेला तू एकटा आहेस. बाई काम गुरुवारी ठरवणार आहेत, आणि त्यात आमच्या चौघींचं वर्षाचं काम आहे. तर बुधवारी ये, खिळा बघ, चावी स्वतः काढून, जाऊन ये, आणि जे दिसेल ते लिही. खोटं लिहू नकोस, माझी भीड धरू नकोस. तू कधी धरली नाहीस. आणि तुझ्या दुकानाला वाकड्यातली साक्ष लागेल तेव्हा मी आहेच. स्टुलं ठेवलीस की येईन, त्या उंच पोरीशेजारी बसेन, आणि बसल्या जागेवरून लिहीन.

शेवटचं. येताना गोड होऊन येऊ नकोस. वहिनींचं ऐकून फोन वगैरे करशील आणि समेट होईल, मग तुझी साक्ष धरत नाहीत. बुधवारपर्यंत राग टिकव. मी खोलीत असेन, तू माझ्याशी न बोलता थेट खिळ्याकडे जा. काल मीच जाताना सवयीने कमरेला हात लावला आणि चौघींना विचारलं, चावी कुठाय. थोरलीने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, जाऊन या.