कय्युमची भाकर

कुरुंदा, १९४४

दस्तगीर भाईजान, सलाम.

माझ्या मालकाला, तुमच्या धाकल्या भावाला, गोदीच्या कामाला तुमीच मुंबईला नेलं. मग एकटेच परत आले. आडावर मला गाठून सांगितलं, "बारुदाचं जहाज फुटलं. कय्युम गेला. मय्यतबी हाती लागली न्हाई." अन् घरात जाऊन अम्माला सांगितलं, "कय्युमला दूरच्या जहाजावर काम भेटलं, येईल." खरं ऐकून ती मरून जाईल म्हणे. मोठी दया आली तुमाला!

माझं काय, भाईजान? मला बेवा म्हणून इद्दतीच्या दुखवट्यात बसता आलं न्हाई, मोकळं रडता आलं न्हाई. ईदला अम्मानं हौसेनं माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, मी हसून भरून घेतल्या. रोज सांजला ती म्हणते, "लेकरू कवाबी येईल, त्याची भाकर टाक." मी टाकते. सकाळी ती शिळी भाकर मीच खाते.

हा कागद टपालात टाकत न्हाई. तुमचं उत्तर आलं तर अम्मा शेजाऱ्याकडून वाचून घेईल. आज ह्याच कागदानं चूल पेटवीन अन् तुमच्या भावाची भाकर भाजीन.

त्याची बेवा,
हलीमा