बकासुराचा निखळलेला जबडा

चिरंजीव मनसाराम यास लटारूचे भरून आशीर्वाद.

तुझा खोकला गेला का? तुझ्या कमळाचे गुडघे काय म्हणतात? सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येतो का? आणि तुझ्या काळ्या गाईनं लाथ मारणं सोडलं का? इकडे सगळे खुशाल. मीही खुशालच, पण पातळ पेजेवर.

झालं असं, की भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या जत्रेत आमच्या दंडारीच्या नाटकात यंदाही बकासुराचं सोंग माझ्याकडेच. परवा दुपारी पिंपळाखाली रंगीत तालीम होती. तोंडाला काजळ, डोक्यावर शिंगं (रेड्याची, खरी), समोर अर्धा गाव. मी असा गडगडून हासलो की कानाजवळ कट्‌ झालं आणि जबडाच निखळला. तोंड उघडलं ते उघडंच! लोक टाळ्या पिटताहेत, मी आ-आ करून मदत मागतो आहे, आणि भीम झालेला इस्तारी माझ्या पाठीत गदा घालून आपलं भाषण म्हणतो आहे.

ओळखलं एकट्या तुझ्या बहिणीनं, रंभानं. राक्षसाच्या डोळ्यांत पाणी कसं, म्हणून ती धावली. तेव्हा कुठे इस्तारीच्या ध्यानात आलं. लगेच मूठ वळून म्हणतो, "एक बुक्की हाणतो, आपोआप बसते."

रंभा कडाडली, "हात त लावून पाहा त्यायले! जबडा हाय तो, ढोलकी नाई."

तिनं फडक्याची घडी हनुवटीखालून घेऊन डोक्यावर सैलसर बांधली (गाठ शिंगांच्या मधोमध), लाळ गळावी म्हणून पुढे वाकवून बसवलं, पाण्याचा घोटही दिला नाही, आणि खासराला बैल जुंपून सावली गावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आधी शिंगं पाहिली, मग जबडा. अंगठ्यांना कापड गुंडाळून दाढा खाली दाबल्या. खट्‌! बसला. म्हणाले, बुक्की बसली असती तर हाड गेलं असतं.

मी पहिला शब्द बोललो, "रंभा..."

ती म्हणाली, "पुरे. मिटा आता."

मनसाराम, अशी बहीण दिलीत, तुमच्या घराचे उपकार कोणत्या तोंडानं सांगू! मी तिला वचन दिलं, दंडार बंद. शिंगं आणि बकासुराचं सोंग शेजारच्या वारलूला देऊन टाकलं.

ता. क. वारलू हासतो तेव्हा शेळीला ठसका लागल्यासारखं वाटतं. लहान पोरंही भीत नाहीत.

आणखी ता. क. पेज पिताना माझे डोळे सारखे वारलूच्या घराकडे, हे रंभाला पाहवलं नाही. तिनंच शिंगं परत आणली. म्हणाली, "महिनाभर तोंड मोठं उघडाचं नाई. तुमी मिशांवर हात ठेवून उभे राहा, हासनं माह्या भावाचं." तुझं हासणं तर वैनगंगेपलीकडे जातं. भाऊबीजेला येतोसच, तर मंडईपर्यंत थांब आणि पडद्यामागून हास. (हासताना हनुवटीला हात लाव.) उलट टपाली कळव. बकासुर तोंड मिटून वाट पाहतो आहे.

तुझा भाटवा,
लटारू