पेवात उतरलेला अंतराळवीर

आप्पा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात रेडिओसुद्धा नव्हता. आता भिंतीवर नाटक दिसतं. काल दुपारी जेवणं झाल्यावर सुनेनं एका जुन्या इंग्रजी मालिकेचा भाग लावला, अंतराळात फिरणाऱ्या माणसांचा, काळा-पांढरा. ती बघते आणि मला मराठीत सांगते. हे पत्रही तीच लिहिते आहे, माझं बोलणं जरा सरळ करून. मला अक्षर येत नाही, पण खोटा दगड ओळखता येतो. त्या परक्या ग्रहावर एकजण दगडाला टेकला तर अख्खा डोंगर हलला! यान म्हणजे पत्र्याचा डबा, तो टांगलेली दोरीही दिसली.

"अगं, जत्रंतलं सोंग यापरीस बरं," मी म्हटलं.

"आवं आई, लय जुनं हाय ते. गोष्ट बगा की."

बघितली. ती माणसं एकमेकांकडं इतक्या काळजीनं बघत होती की हलणाऱ्या डोंगराचं मला काही वाटेनासं झालं. कधी पुढं सरकून बसले, कळलंच नाही.

मग त्यांच्यातला एकजण खोल खड्ड्यात पडला. म्होरक्यानं दोरीनं पेटता दिवा आत सोडला. दिवा विझला. माझा चहाचा घोट तोंडातच राहिला.

"आत वाईट हवा हाय," सून सांगू लागली.

"मला सांगतीस व्हय? पेवावाल्याची लेक हाय मी!" आणि मी टीव्हीवर ओरडले, "आरं, उतरू नगंस!"

त्यानं विझलेल्या दिव्याकडं एकदा बघितलं आणि तो उतरला.

"त्येला कळलं न्हाई व्हय गं?"

"कळलं की, आई. पर मैतर हाय न्हवं त्यो खाली."

आप्पा, मला तुमचं पेव आठवलं. सांगलीत हळद जमिनीखालच्या पेवात ठेवायचे तेव्हाची गोष्ट. पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणसानं उतरायचं, हे तुम्हीच मला शिकवलंत. आणि त्या दिवशी मी तुमची भाकरी घेऊन येते, तर पेवाभोवती माणसंच माणसं. आधी तुमचा कामावरचा जोडीदार उतरला होता, मागोमाग तुम्ही. दोघांना नुकतंच वर काढून शेजारी शेजारी निजवलेलं. मुकादम म्हणतो, "दिवा न लावताच उतरले गडी, दोघं बी." आई जन्मभर तेच म्हणाली, विसराळू माणूस. मीही तेच धरून बसले. पण गर्दीत पेवाच्या तोंडाशी पडलेला तुमचा कंदील मी उचलला होता. काच तापलेली होती, बोटाला फोड आला. आईला वाटलं, चुलीवर भाजलं. मला इतकी वर्षं फोड आठवला, काच कशानं तापली हे काल उमजलं. दिवा तुम्ही लावला होता. सोडला होता. विझलेला बघितला होता.

विसराळू बापावर रागवणं सोपं होतं हो. आता काय करू? तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी भाकरी घेऊन वाटेवर आहे हेही ठाऊक होतं.

सून म्हणते, "आई, आनि काय लिवू?" उतरताना माझी आठवण झाली का, एवढंच विचारायचं होतं. पण ते लिहू नको म्हटलं तिला. कागद कुठं धाडायचाच नाही, तर उत्तराची भीती कशाला, असं ती म्हणते. भीती आहे, आप्पा. तिनं ते लिहिलं की गाळलं, मला वाचता येत नाही.