आखूड मानांची खेप

३ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ. आशीर्वाद पुष्कळ आहेत, पण राग त्याहून जास्त आहे, तो आधी घे.

टाके काढून तुला केव्हाच मोकळं केलं दवाखान्यानं. फोन केला की तू उचलतेस, खाकरतेस आणि घरमालकीण हाक मारतेय म्हणून ठेवून देतेस. तुझ्या घरमालकिणीला दुसरा उद्योग नाही का? आवाज घोगरा झालाय तर झालाय. मी काय गाणं ऐकायला फोन करते? बोलायची लाज वाटत असेल तर लिही. मी चौथीतून उठले, माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालली, तरी लिहितेय की नाही? तू तर चांगली शिकलेली.

गळ्यातली गाठ साधी निघाली म्हणून डॉक्टर बोलले तेव्हा मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. तुझ्या दाजींनी हे तुला सांगितलं असेलच, त्यांच्या पोटात काही ठरत नाही. तेव्हा रडून झालंय. आता परत कुणी रडायचं नाही.

इकडे मागच्या खोलीत कामाचा ढीग आहे. अंगठ्यांचे ट्रे झाले, कानातल्यांच्या डब्या झाल्या. हार घालून ठेवायच्या मखमली माना तेवढ्या राहिल्यात. हवा दमट, खळ वाळता वाळत नाही. मखमलवाल्याला गडद निळी सांगितली तर त्यानं वांग्याच्या सालीसारखी पाठवली. परत केली.

तू कामाला लागलीस ना? दागिन्यांच्या काउंटरवर उभी राहतेस ना पहिल्यासारखी? सरळ उत्तर दे.

दोघांचा लोभ आहेच, तुझा असेल तर कळव.
तुझी ताई


११ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. राग पोचला, आशीर्वादही पोचले.

मी कामाला लागले आहे. दुकानात सगळे नीट वागतात. सध्या मी आतल्या खोलीत असते. तिथे काम शांत आहे. दुरुस्तीला आलेले दागिने कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशनं धुवायचे, पुसायचे, साखळ्यांचे फासे लावून एकेक वेगळी ठेवायची म्हणजे गुंता होत नाही. मोत्यांच्या सरी टांगायच्या नाहीत, मऊ कापडात आडव्या ठेवायच्या. चांदी हवाबंद पिशवीत. दिवस कसा जातो कळत नाही. बोलायला लागत नाही हेही बरंच आहे. गळ्याला गार वारा लागू नये म्हणून ओढणी गुंडाळून असते, तीही आत कुणाला दिसत नाही.

तू उगाच काळजी करतेस. मालकांनी तुला माना सांगितल्या आहेत असं कळलं, त्या वेळेवर पाठव. दाजींना नमस्कार. त्यांच्या पोटाला दोष देऊ नकोस, तुझ्या बातम्या मला त्यांच्याकडूनच कळतात.

तुझी माया अशीच राहू दे.
तुझी बारकी


१६ जून

चि. बारकीस,
अ. उ. आ.

जूनच्या उकाड्यात तुला गार वारा कुठून लागतो ते मला एकदा दाखव.

तू मला खुळी समजतेस का? तुझ्या मालकाची मागणी आली. बारा माना. आजवर त्यांनी माझ्याकडून पाचाच्या वर माना कधी घेतल्या नाहीत, कारण सहावी मान तू होतीस. बाई दुकानात आली की तू हार काढायचीस, स्वतःच्या गळ्यात घालायचीस, इकडे वळायचीस, तिकडे वळायचीस, आणि बाईनं मनातून हार निम्मा घेतलेला असायचा. आता बारा कशाला लागतात? कुणाच्या गळ्यात घालून दाखवायचं बंद झालं म्हणूनच ना? शांत काम म्हणे. मोती कापडात गुंडाळतात ते ठीक आहे, माणसाला कशाला गुंडाळायचं?

आणि गंमत बघ. माझा साचा तुझाच आहे. तू अठराची असताना तुझ्या गळ्याला ओल्या कागदाच्या पट्ट्या लावून मी तो उचलला, तू सारखी हसत होतीस म्हणून दोनदा फुकट गेला. म्हणजे तुझा जुना गळा बाहेर काचेच्या कपाटात, आणि तू आत ब्रश घेऊन. हे मी माझ्या हातानं करू? मला ते जमायचं नाही.

खरं काय ते लिही. मालकानं काय सांगितलं, कुठल्या शब्दांत, सगळं.

वाट बघते, आणि मला वाट बघता येत नाही हे तुला माहीत आहे.
ताई


२२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खरं लिहिते. मालक वाईट बोलले नाहीत. पहिल्याच दिवशी मी एका बाईंना हार घालून दाखवला. त्या हाराकडे बघतच नव्हत्या. व्रणाकडे बघत होत्या. मग पर्स उचलून म्हणाल्या की नंतर येते. मालकांनी ते पाहिलं. संध्याकाळी मला म्हणाले की थोडे दिवस आत बस, गिऱ्हाईक बिचकतं, आवाजही अजून बसलेला आहे. पगार तोच ठेवला. मी हो म्हटलं. ताई, मी लगेच हो म्हटलं, त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मला सुटल्यासारखं झालं.

आता रोज दुकान उघडलं की बाहेरचे आवाज ऐकू येतात. अमुक हार दाखवा, तमुक दाखवा. मला न बघता कळतं की बाईंना कुठला शोभेल. पण उठवत नाही.

तू यात पडू नकोस. भांडू नकोस. माना पाठवून दे, ते तुझं पोटाचं काम आहे. माझ्यासाठी मोठं गिऱ्हाईक तोडलंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

माझ्यावर रागावलीस तरी माझीच राहा.
बारकी


२ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

तू सांगितलंस म्हणून भांडले नाही. तू सांगितलंस म्हणून माना पाठवल्या. बारा. काल गाडीवर चढवल्या. आता नीट बसून वाच.

तुझा साचा मी माळ्यावर टाकला. नवीन काढला, माझ्या मानेवरून. दाजींनी पट्ट्या लावल्या. वाळेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही, म्हणून पंखा लावून मला स्टुलावर बसवलं आणि हे समोर खुर्ची टाकून चहा पीत बसले. लग्नापासून इतकी निवांत दुपार मिळाली नव्हती म्हणाले. मी उत्तर देऊ शकत नाही हे बघून आणखी बरंच बोलले. त्याचा हिशोब नंतर झाला.

साचा बघून मीच दचकले. मान कुठली, खांद्यावर डोकं ठेवलंय आणि मध्ये जरा खाच आहे. हनुवटीखालची वळकटी पण आली. ती तासून काढू का असं ह्यांनी विचारलं, मी राहू दे म्हटलं. त्यावर मखमल ताणून बसवली, शिवण मागे, काम एकदम चोख. कामात खोट काढायला जागा नाही. मागणीत कुठे लिहिलंय की कुणाची मान पाहिजे?

आता घाल म्हणावं तुझ्या मालकाला या मानांवर हार. लांब हार खाली लोळेल, गळ्यालगतचा वळकटीत रुतेल. आठवड्यात तुला बाहेर बोलावतील. नाही बोलावलं तर माझं नाव बदल.

तोंड धुऊन, वेणी घालून तयार राहा.
ताई


१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं नवीन नाव काय ठेवू?

खोकी उघडली तेव्हा मी आत होते. मग मालकांनी मला हाक मारली आणि विचारलं की हे काय आहे. मी एक मान हातात घेतली आणि मला तू दिसलीस, ताई. तशीच्या तशी, रागावलेली. मी किती दिवसांनी हसले, हसताना आवाज फुटला, ढोल फाटल्यासारखा, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी परत आत पळाले.

परत पाठवायला वेळ नव्हता म्हणून मालकांनी त्याच मांडल्या. आणि आता ऐक. मालकांना माना खपल्या नाहीत, पण त्यांच्यावरचे हार खपले. येणाऱ्या बायका बहुतेक तुझ्या वयाच्या आणि तुझ्या अंगाच्या. त्यांना पहिल्यांदा कळलं की हार आपल्या गळ्यात कसा बसेल. एक बाई बराच वेळ काचेसमोर उभी राहिली आणि म्हणाली की ही मान बरी आहे, हिला दोन मुलं झालेली दिसतात. आरसा न मागता हार घेऊन गेली. मालक खूश आहेत. जुन्या पाचही माना बदलून याच मापाच्या हव्यात म्हणून तुला पत्र पाठवणार आहेत.

म्हणजे तू मला बाहेर काढायला गेलीस आणि तुझ्या बारा जणी माझ्या जागेवर येऊन उभ्या राहिल्या. मला हसू येतं आणि रडूही येतं. आता त्यांना माझी गरज खरंच उरली नाही.

काम मिळालं त्याचा आनंद मान. कृपा असू दे.
बारकी


१८ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

मालकाचं पत्र आलं. वाचून चुलीत घालणार होते, ह्यांनी हातातून काढून घेतलं.

आनंद कसला मानू? माझी वळकटी लोकांना आवडली म्हणून नाचू? मी एक करायला गेले आणि झालं भलतंच. पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. सोमवारच्या गाडीनं येते. पिशवी भरून ठेवली आहे. तुझ्या मालकाला भर दुकानात विचारणार की बाबा, तुला माणूस पाहिजे की मखमल. एक तर बारकी काउंटरवर उभी राहील, नाही तर माझी एक डबीसुद्धा तुझ्या दुकानात येणार नाही. मोठं गिऱ्हाईक गेलं तर गेलं. लहान दहा शोधीन. ह्यांनाही सांगून झालंय, ते नुसते छताकडे बघतात.

तू फक्त माझ्या शेजारी उभी राहा. बोलायचं मी बघते.

भेटू तेव्हा.
ताई


२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. येऊ नकोस.

तुझं पत्र वाचून मला पुढचं सगळं दिसलं. तू मालकांशी भांडणार, आणि मी तुझ्या शेजारी खाली मान घालून उभी राहणार, शाळेत पाटी फुटली तेव्हा उभी होते तशी. मग मला काउंटर मिळालं तरी ते तुझ्या तोंडाच्या भीतीनं मिळालेलं असेल. गिऱ्हाईक बिचकलं की प्रत्येक वेळी मी तुला बोलावू का?

म्हणून पत्र खाली ठेवलं आणि मालकांकडे गेले. म्हटलं की आजपासून मी बाहेर उभी राहते. ते म्हणाले, अजून आवाज बसलेला आहे. मी म्हटलं, आता तो असाच राहणार आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, आणि व्रणही राहणार आहे. बरं होईपर्यंत आत बसायचं ठरलं होतं, तर मी बरी झाले आहे. हे असंच बरं होणं असतं. बाहेर नको असेन तर तसं स्पष्ट सांगा, म्हणजे मी दुसरीकडे विचारीन. त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले की महिनाअखेरपर्यंत बघू.

दुपारी एक बाई आल्या. मखमली मानेवर घातलेला हार त्यांना आवडेना. मी ओढणी बाजूला ठेवली आणि पाचूचा नाजूक हार स्वतः घातला. तो व्रणाच्या जरा वरच्या बाजूला बसतो, व्रण झाकत नाही. त्या बघत राहिल्या. मीच म्हटलं की गळ्याचं ऑपरेशन झालंय, आता दुखत नाही, तुम्ही हार बघा. त्यांनी हार बघितला. घेतला नाही. महाग आहे म्हणाल्या, आणि तो खरंच महाग आहे. त्यानंतर एक मुलगी आली, ती माझा आवाज ऐकून शेजारच्या काउंटरला गेली. मला वाईट वाटलं. पण मी उभी राहिले. दुकान बंद होईपर्यंत उभी होते, आणि सगळे हार मीच परत ट्रेमध्ये लावले.

महिनाअखेरीला काय होईल ते मला माहीत नाही. ते माझं मी बघते. तू मालकांना पत्र लिही, पण मानांच्या मापाबद्दलच लिही.

हट्ट करते, रागावू नकोस, आणि माझ्यावरचा जीव कमी करू नकोस.
बारकी


२१ जुलै

चि. बारकीस,
अ. उ. आ.

येत नाही.

एवढं लिहायला मला सकाळपासून दुपार झाली. दोनदा चपला घातल्या. ह्यांनी दोनदा काढायला लावल्या. शेवटी पिशवी रिकामी केली, तुझ्यासाठी घेतलेले लाडू ह्यांनी खाल्ले, ते तुझ्या खात्यावर धर.

हार घेतला नाही ती बाई मला आवडली. महाग वाटला म्हणून घेतला नाही, हे कारण चांगलं आहे. ज्या मुलीनं तोंड फिरवलं तिच्याबद्दल मला पुष्कळ लिहायचं होतं, ते लिहीत नाही. उद्या कोण येईल आणि कशी बघेल, ते मला इथे बसून कळणार नाही आणि मी विचारणारही नाही. तू सांगशील तेव्हा ऐकीन. गप्प बसणं किती अवघड काम आहे हे मला या वयात कळतंय. खळ लावायला बसले आणि मखमल उलटी चिकटवली.

मालकाला लिहिलं. फक्त मापाचं.

पाय दुखले तर काउंटरमागे स्टूल मागून घे, लाजू नकोस. आणि फोन कर. घोगरा तर घोगरा, मला ऐकायचा आहे.

आम्हा दोघांचा सगळा लोभ तुझ्याकडे,
तुझी ताई